उसातले रहिवासी

अकोले तालुक्यात बिबट्या दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: हा आला कुठून? उत्तरही ठरलेलंच. जंगलं तुटली, रानातलं भक्ष्य संपलं, तहानभुकेनं कासावीस झालेलं जनावर वाट चुकून वस्तीवर आलं. पेपरातली बातमी, पारावरची चर्चा, वन विभागाला दिलेलं निवेदन, सगळीकडे हाच सूर. उत्तर असं असलं की उपायही उघडच असतो. पिंजरा लावा, जनावर धरा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. चुकलेल्याला घरी पोचवलं की काम झालं.

हे उत्तर इतकं पटणारं होतं की ते तपासून पाहावं असं बराच काळ कुणाला वाटलं नाही. डॉ. विद्या अत्रेय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. शेजारच्या जुन्नर भागात बिबट्यांवर काम करून झाल्यावर त्यांनी अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अकोले तालुका अभ्यासाला घेतला. त्यातून निघालेले शोधनिबंध 2013 पासून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत येत गेले आणि मोठे मांसाहारी प्राणी राहतात कुठे, याबद्दलच्या जगभरच्या समजुतीला त्यांनी धक्का दिला. एरवी कळसूबाईसाठी ओळखला जाणारा हा तालुका वन्यजीवशास्त्रात पोचला तो उसाच्या वाटेनं.

दोन तोंडांचा तालुका

अकोल्याचा पश्चिम भाग सह्याद्रीचा. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि घाटघर-रतनवाडीचा धो धो पाऊस. या पट्ट्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथून प्रवरेच्या काठानं पूर्वेला संगमनेरकडे उतरू लागलं की पाऊस झपाट्यानं ओसरतो आणि डोंगर उघडेबोडके होत जातात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. इथली शेती एकेकाळी बाजरी-ज्वारीची आणि आभाळाकडे डोळे लावलेली.

ते चित्र पाण्यानं पालटलं. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. 1950 च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं आणि धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे जिल्हाभर कारखान्यांची रांग लागली, अकोल्यातही 'अगस्ती' आला. जिथे गुडघाभर उंचीचं पीक असायचं तिथे वर्षभर माणसाच्या डोक्यावरून जाणारं पीक उभं राहू लागलं.

उसाची ही बाब नीट लक्षात घ्यायला हवी. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो, सुरू ऊस वर्षभर, आणि तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून खोडवा फुटतो. तीन-चार महिन्यांत सऱ्या झाकून जातात. आत सावली, ओल, पाचटाचा मऊ थर. माणूस आत शिरत नाही, कारण पानं अंग कापतात आणि शिरायचं कामही नसतं. दिवसभर दडून राहायची जागा, शेजारी पाटाचं पाणी आणि बांधापलीकडे वस्ती. मध्यम आकाराच्या, एकट्यानं राहणाऱ्या आणि रात्री हिंडणाऱ्या शिकाऱ्याला आणखी काय लागतं?

अभ्यासाचं क्षेत्र होतं 179 चौरस किलोमीटरचं आणि ते तालुक्याच्या याच शेतीपट्ट्यातलं. अभयारण्याचा त्यात भाग नव्हता. चितळ, सांबर असं बिबट्याचं पुस्तकी भक्ष्य तिथे नव्हतं. माणसं मात्र होती, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक.

ठिपक्यांची मोजणी

प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. दोन जनावरं एकसारखी निघत नाहीत, आणि एकाच जनावराची डावी कूस उजवीसारखी नसते. त्यामुळे पाऊलवाटेच्या, ओढ्याच्या किंवा बैलगाडीच्या चाकोरीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक स्वयंचलित कॅमेरा बांधतात. काही हललं की दोन्ही कॅमेरे फोटो टिपतात आणि जनावराच्या दोन्ही बाजू हाती लागतात. मग फोटो शेजारी ठेवून ठिपके जुळवत बसायचं. काल आलेला आणि आज आलेला एकच की वेगळे? जुनी जनावरं किती वेळा पुन्हा दिसतात आणि नवी किती निघतात, या प्रमाणावरून एकूण संख्येचा अंदाज सांख्यिकी पद्धतीनं काढता येतो.

अकोल्याच्या कॅमेऱ्यांपुढून दिवसा शेतकरी, शाळेची पोरं, गाई-म्हशी जायच्या. रात्री त्याच वाटेवरून बिबटे जायचे. हिशेब झाला तेव्हा आकडा निघाला दर शंभर चौरस किलोमीटरला 4.8 प्रौढ बिबटे. म्हणजे साधारण वीस चौरस किलोमीटरला एक. दोन-तीन गावांच्या शिवारात एक प्रौढ बिबट्या, शिवाय पिल्लं वेगळी. भारतात अभयारण्यांच्या आणि जंगलांच्या बाहेर बिबट्यांची घनता अशी मोजली गेली ती पहिल्यांदाच.

संख्येइतकीच महत्त्वाची होती एक दुसरी गोष्ट. इथे माद्या होत्या आणि त्यांना पिल्लं होती. वाट चुकलेलं जनावर घर मांडत नाही, वीण वाढवत नाही. इथले कित्येक बिबटे उसातच जन्मले होते, आणि त्यांच्या आयाही बहुधा उसातल्याच. अशा बिबट्याला 'परत जंगलात' सोडणं म्हणजे त्यानं कधी न पाहिलेल्या मुलखात त्याला नेऊन टाकणं.

उसातली ही वीण लोकांच्या नजरेला पडते ती तोडणीच्या हंगामात. ऊसतोड सुरू होते, कोयते चालू लागतात आणि पाचटात डोळे न उघडलेली दोन-तीन पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून नेली जायची आणि आयुष्यभर पिंजऱ्यात राहायची. आई मात्र रात्र रात्र त्या शिवारात सैरभैर फिरायची. आता वन विभाग आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राचं पथक पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतं, माणसं मागे घेतं आणि कॅमेरा लावून वाट पाहतं. बऱ्याचदा मादी अंधारात येते, खोक्याभोवती घुटमळते, एकेक पिल्लू मानगुटीला धरून शेजारच्या उभ्या उसात घेऊन जाते. सकाळी तोडणी पुन्हा सुरू होते.

विष्ठेतला पुरावा

भक्ष्यच नसेल तर एवढे बिबटे जगतात कशावर? याचं उत्तर शोधायची जागा फारशी सुवासिक नाही. बिबट्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची, वाळवायची आणि चाळणीवर उरलेले केस, हाडांचे तुकडे, नखं वेगळी करायची. केस पचत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आतल्या गाभ्याची घडण प्राण्यागणिक वेगळी दिसते आणि त्यावरून कुठलं जनावर पोटात गेलं ते ओळखता येतं.

अशा 85 नमुन्यांतून बिबट्याचा जेवणाचा हिशेब मांडला गेला. खाल्लेल्या मांसाच्या वजनापैकी 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता. आणि त्यात पहिला नंबर शेळीचाही नव्हता, वासराचाही नव्हता. एकट्या कुत्र्याचा वाटा 39 टक्के होता. रानातलं म्हणून जे काही सापडलं ते किरकोळ: उंदीर-घुशी, जवादी मांजर, माकडं, मुंगूस, पक्षी.

यावर कुणी म्हणेल, गावात कुत्रीच जास्त, म्हणून तीच खाल्ली जातात. संशोधकांनी तेही पाहिलं. 77 घरांत जाऊन जनावरांची गणती केली. दर चौरस किलोमीटरला शेळ्या 174, मोठी गुरं 169, वासरं 54, मांजरं 61 आणि कुत्री फक्त 24. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही ताटात कुत्रा जास्त. कुत्री आणि मांजरं बिबट्याच्या आहारात त्यांच्या संख्येच्या मानानं कितीतरी अधिक होती.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. शेळी रात्री गोठ्यात किंवा घरात असते, कुत्रं अंगणात. शेळीची किंमत असते म्हणून तिला दार असतं. कुत्र्याला कुणी कोंडत नाही, ते रात्री उकिरड्यापाशी, ओढ्याकाठी, उसाच्या कडेनं एकटं फिरतं. एका रात्रीत कुत्रं नाहीसं झालं तर मालक दोन दिवस हळहळतो, पंचनाम्याला कुणी धावत नाही. म्हणजे बिबट्याचं बरंचसं जेवण गावाच्या कानोकान खबर न लागता उरकतं. अभ्यासकांनी हिशेब केला तेव्हा दिसलं की या भागातली कुत्री आणि मांजरं एवढ्याच खाद्यावर इथले बिबटे तगून राहू शकतात.

कुत्री वाढतात ती कचऱ्यावर, कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर, उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर. या साखळीचं दुसरं टोक मुंबईत दिसतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणारे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खात असावेत आणि त्यामुळे माणसांना होणारे कुत्र्यांचे सुमारे हजार चावे टळत असावेत, असा अंदाज 2018 मध्ये एका अभ्यासानं मांडला. हा अंदाज गणिती प्रतिमानाचा आहे, मोजणीचा नाही. पण बिबट्या आणि माणूस यांच्यातल्या देण्याघेण्यात फक्त खर्चाचीच बाजू नसते, एवढं त्यातून ध्यानात येतं.

रात्रीचे शेजारी

तिसरा पुरावा गळ्यातल्या पट्ट्यांचा. जीपीएस पट्टा ठरलेल्या वेळी जनावराची जागा नोंदवतो. महाराष्ट्रातले चार आणि हिमाचल प्रदेशातला एक अशा पाच बिबट्यांना पट्टे घालून त्यांच्या हालचाली टिपल्या गेल्या. मॉर्टन ऑडेन आणि विद्या अत्रेय यांचा हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला.

पकडल्या जागेजवळच सोडलेल्या तिघांचा वावर किती होता? एकाचा 8 चौरस किलोमीटर, बाकी दोन माद्यांचा 11 आणि 15. बिबट्याच्या मानानं ही जागा अगदी आटोपशीर. पोट जवळच भरत असेल तर कोण कशाला पायपीट करील? दिवसा हे बिबटे तासाला सरासरी 60 मीटर हलायचे, म्हणजे जवळजवळ पडूनच असायचे. रात्री तोच आकडा 339 मीटरवर जायचा. दाट वस्तीच्या भागात राहणाऱ्या बिबट्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी 20 टक्के नोंदी घरापासून 25 मीटरच्या आतल्या होत्या. दिवसा हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली.

25 मीटर म्हणजे ओसरीपासून गोठ्यापर्यंतचं अंतर. घरातली माणसं झोपलेली, बाहेर बिबट्या येऊन जातो, आणि सकाळी अंगण जसंच्या तसं. हे एकदोनदा नाही, रोजचं. तो माणसाला टाळतो, पण जागा टाळून नाही, वेळ टाळून. दिवस माणसाचा आणि रात्र आपली, ही वाटणी त्यानं स्वतःहून करून घेतली आहे. अभ्यासाच्या वर्षांत अकोल्यात माणसांवरचे हल्ले विरळ राहिले, त्यामागे ही वाटणी असावी.

रोग रेड्याला, औषध पखालीला

मग पिंजरा लावून बिबट्या लांब नेला तर काय होतं? याचं उत्तर पट्टा घातलेल्या उरलेल्या दोघांनी दिलं. त्यांना पकडल्या जागेपासून 52 किलोमीटरवर सोडलं होतं. नर 37 दिवसांत सरळ रेषेत 89 किलोमीटर निघून गेला, मादी पाच महिन्यांत 45 किलोमीटर. सोडल्या जागी कुणीच थांबलं नाही.

हा नर पुढे महाराष्ट्राला नावानं माहीत झाला. 2009 च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला होता. कठडा नसलेली विहीर हा आपल्याकडच्या रानातल्या जनावरांचा मोठा शत्रू. बाहेर काढल्यावर त्याच्या गळ्यात पट्टा घातला, त्वचेखाली चिप बसवली आणि माळशेज घाटात सोडलं. त्याच्या शांत, पोक्त स्वभावामुळे संशोधकांनी त्याला 'आजोबा' म्हटलं. आजोबा माळशेजला रमला नाही. महामार्ग ओलांडत, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून, खाडी पोहून तो थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. एवढ्या वाटेत त्यानं कुणाला इजा केल्याची नोंद नाही. 2011 च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला आणि चिपवरून त्याची ओळख पटली. 2014 मध्ये त्याच्यावर 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपट आला.

आजोबाची कथा सुटी आणि देखणी आहे. जुन्नरची आकडेवारी तशी नाही. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात शंभराहून जास्त बिबटे पिंजऱ्यात धरले गेले आणि त्यांतले बरेच दुसरीकडे नेऊन सोडले गेले. हेतू चांगला होता, हल्ले थांबावेत. त्याआधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते. मोहिमेच्या काळात ते 17 झाले. 2011 मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं तेव्हा वन्यजीव व्यवस्थापनाच्या एका जुन्या, सरावाच्या उपायावर प्रश्नचिन्ह लागलं.

असं का होत असावं? धरपकडीत जनावर जखमी होतं, दात तुटतात, माणसांच्या गर्दीत तासन् तास पिंजऱ्यात राहिल्यानं त्याची माणसाबद्दलची वागणूक बदलू शकते. नव्या जागी त्याला कुठे कुत्री आहेत, कुठे आडोसा आहे, माणसं केव्हा कुठे असतात, काहीच ठाऊक नसतं. आणि ज्या शिवारातून तो नेला ते रिकामं राहत नाही. जागा मोकळी झाली की आजूबाजूचे तरुण, अननुभवी बिबटे तिथे येतात. शिवाय पिंजऱ्यात सापडतो तो हल्ला करणाराच असतो असंही नाही. शेळीच्या वासानं जो आधी आत शिरला तो धरला जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं 2011 च्या एप्रिलमध्ये बिबट्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नये, पकडून लांब सोडणं टाळावं, प्रशिक्षित पथक असावं, गर्दी आवरावी, हा त्यांचा आशय. सह्याद्रीच्या पायथ्याशी जमवलेले आकडे दिल्लीच्या धोरणात पोचले, हे आपल्याकडे क्वचित घडतं.

ज्याची बातमी होत नाही तो

अकोल्याच्या कॅमेऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला पाच प्रौढ तरसं होती. म्हणजे बिबट्यांइतकीच. त्यांनाही पिल्लं होती. जोडीला खोकड, कोल्हा, रानमांजर, जवादी मांजर, मुंगूस आणि जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक असलेली वाघाटी.

तरस मेलेली ढोरं खातं, हाडं फोडून खातं, माणसाच्या वाटेला जात नाही. गावाबाहेर टाकलेल्या मढ्यांची विल्हेवाट ते फुकटात लावतं. बिबट्याच्या तोडीस तोड संख्येनं नांदणाऱ्या या जनावराबद्दल मोर्चा निघत नाही आणि निधीही येत नाही. कुठल्या प्राण्याबद्दल आपण बोलतो हे त्याच्या संख्येवर ठरत नाही, त्याच्या भीतीवर ठरतं.

सरकारी गणतीतही असाच एक कोपरा अंधारात राहतो. 2022 च्या देशव्यापी अंदाजात भारतातले बिबटे 13,874 आणि महाराष्ट्रातले 1,985 असल्याचं म्हटलं. पण ही मोजणी वनक्षेत्रांची आहे. उसातले बिबटे त्यात धरलेलेच नाहीत. ज्या बिबट्यांवरून विधानसभेत खडाजंगी होते, ते देशाच्या गणतीत नाहीत.

देव, शेजारी आणि आरोपी

अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाज राहतो. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशी, तिथे वाघबारस साजरी होते. गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, नैवेद्य दाखवतात, गुरांना सांभाळ म्हणून विनवतात. नॉर्वेत संशोधन करणाऱ्या सुनेत्रो घोषाल यांनी अकोल्यात राहून माणूस आणि बिबट्या यांच्या नात्याचा अभ्यास केला. तालुक्यातली माणसं बिबट्याला एकाच नजरेनं पाहत नाहीत. एकाच घरात म्हातारीला तो देव वाटतो, मुलाला तो नुकसान करणारा, नातवाला मोबाइलवर टिपायचा विषय. वाघोबाला मानणारा माणूस वासरू गेल्यावर नुकसानभरपाईचा अर्जही करतो, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही.

म्हणून 'आदिवासी निसर्गाशी एकरूप आहेत' असली गोड वाक्यं इथे उपयोगाची नाहीत. वाघोबाची पूजा बिबट्याला हात लावू नका असं सांगत नाही. तो इथे आहे आणि राहणार, हे गृहीत धरून व्यवहार कसा ठेवायचा, एवढं ती सांगते. विज्ञानानं कॅमेरे आणि पट्टे लावून जिथे पोचायचं ते पहिलं वाक्य या गावांना आधीपासून ठाऊक होतं.

आकडे जुने होतात

इथे एक सावधगिरी हवी. अकोल्यातले आकडे दीड दशकापूर्वीचे आहेत, आणि तेव्हा शांतता होती म्हणून आज सगळीकडे आहे असं नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांत दोन मुलं होती. लोक महामार्गावर उतरले, बिबट्या गोळ्या घालून मारावा लागला. त्याच नोव्हेंबरात अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातही बळी गेले. ज्या घरातलं पोर गेलं त्याला घनतेचे आकडे सांगणं क्रूरपणाचं आहे. माणसांवर वारंवार हल्ले करणारं जनावर काढावंच लागतं, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातही तशी तरतूद आहे.

प्रश्न आहे तो बाकीच्या शेकडो बिबट्यांचा. मोर्चाच्या दडपणाखाली दिसेल त्या शिवारात पिंजरे लागले तर जुन्नरच्या 2001 सालाची उजळणी होईल. निवारा केंद्रं भरून जातील आणि शिवारात नवे बिबटे येतील. दुसरीकडे, बिबट्याला पोसणारी परिस्थिती वाढतेच आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं उद्घाटन झालं. 85 किलोमीटरचा हा कालवा आणि लाभक्षेत्रात 182 गावं, बहुतेक अहिल्यानगर जिल्ह्यातलीच. अर्धं शतक वाट पाहिलेल्या दुष्काळी गावांना पाणी मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पाणी आलं की ऊस येतो. ऊस आला की काय येतं, ते वर पाहिलंच. कालव्याच्या आराखड्यात गोठ्यांचा खर्च कुणी धरलेला नसतो.

खरं तर करण्यासारख्या गोष्टी बिबट्यापेक्षा माणसाच्या दिनक्रमाशी जास्त जोडलेल्या आहेत. जाळी आणि छप्पर असलेला बंदिस्त गोठा. वस्तीभोवती दहा-पंधरा मीटर मोकळी, उजेडाची जागा, ऊस थेट भिंतीला टेकलेला नको. तिन्हीसांजेनंतर लहान मुलं एकटी बाहेर नकोत, कारण ओणवा किंवा बसलेला माणूस आणि मूल बिबट्याच्या नजरेला बेताच्या उंचीचं जनावर दिसतं. घरोघर संडास आणि तो घराला लागून. उघड्यावर मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण टाकणं बंद, म्हणजे कुत्री आपोआप घटतील.

आणि सर्वांत वर, वीज. कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळते. मग शेतकरी डोक्याला बॅटरी बांधून, हातात फावडं घेऊन, उसाच्या सरीत दारं धरायला जातो. बिबट्यानं पाळलेली वेळेची वाटणी इथे आपणच मोडतो. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. शेतकऱ्यांच्या सभांमध्ये ही मागणी बिबट्याच्या निवेदनातच लिहिलेली असते. पंचायत समितीच्या पातळीवर कळलेली ही गोष्ट वन खातं आणि ऊर्जा खातं यांच्या बैठकीत एका पानावर यायला हवी.

आता बिबट्यांच्या नसबंदीची चर्चा सुरू झाली आहे आणि जुन्नरमध्ये प्रायोगिक पावलंही उचलली जात आहेत. हत्यार नवं आहे, त्याची परीक्षा व्हायला हरकत नाही. पण एक साधा हिशेब आधी मांडावा लागेल. अमुक इतक्या माद्यांची नसबंदी केल्यावर संख्या घटली की नाही हे सांगायला सुरुवातीची संख्या हवी, आणि घटली तरी हल्लेही घटले का हे वेगळं पाहायला हवं. उसाच्या पट्ट्यात पद्धतशीर मोजलेला आकडा म्हणून आजही अकोल्याच्या 4.8 कडे बोट दाखवलं जातं. त्याच 179 चौरस किलोमीटरमध्ये त्याच पद्धतीनं पुन्हा कॅमेरे लावले तर पंधरा वर्षांत काय बदललं ते कळेल, निळवंड्याच्या नव्या लाभक्षेत्रात आत्ताच लावले तर पाण्यामागून बिबट्या किती वर्षांत येतो तेही. दोन्हींचा खर्च एका निवारा केंद्राच्या बांधकामापेक्षा कमी असेल. तो आधी करावा, पिंजऱ्यांची निविदा त्यानंतर काढावी.